रंगाच्या गाठी

१

आमच्या आक-शिलबी गावाला मार्चमध्ये वारा असा सुटतो, की एका वर्षी त्यानं माझी टोपी खिंडीपलीकडे चीनमध्ये नेली आणि आठवड्यानं परत आणून टाकली, तीही धुतलेली. यावर विश्वास ठेवू नका, माझी काही हरकत नाही. पण त्याच वाऱ्याच्या दिवसांत कनीबेकच्या घरात जे झालं ते अक्षर न् अक्षर खरं आहे, आणि गंमत बघा, त्यावरच कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

कनीबेक म्हातारा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी घर त्याच्याच नावानं ओळखलं जायचं, निदान आम्हा पुरुषांच्या बोलण्यात. घरात त्याची बायको बुरुल-आपा, थोरली सून उपोल आणि धाकटी सून तोर्को. दोघी सुनांचे नवरे मेंढरं घेऊन वरच्या कुरणात अडकलेले, खिंड बर्फानं बंद. घरात बायकांचंच राज्य, आणि नमद्यांचा, म्हणजे लोकरीच्या जाड गालिच्यांचा, हंगाम. लोकर पिंजायची, मोठ्या कढईत उकळून रंगवायची आणि नमदे लाटायचे. लाल रंगाचा नमदा म्हणजे कनीबेकच्या घरचाच, असं तालुक्यात बोललं जायचं.

मी सामूहिक शेतीच्या जीपवर ड्रायव्हर होतो. त्या दुपारी भिंतीपलीकडे जीपखाली उताणा पडून तिच्याशी वाद घालत होतो, एवढ्यात उपोलची हाक आली. हाक कसली, किंकाळीच. मी धावलो.

रंगाच्या खोपटात निवायला ठेवलेली कढई कलंडलेली होती. जमीन लाल, भिंतीचा खालचा भाग लाल, आणि त्या सगळ्यात तोर्को पडलेली. घागरा ओलाचिंब लाल, चेहरा मात्र न रंगवलेल्या लोकरीसारखा. उपोलनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं.

"तुर्दुमात-बायके, गाडी काढा," ती मला म्हणाली; बायके म्हणजे दादा. "सगळा रंग गेलाय हिचा."

मी कढईकडे पाहिलं. खरंच, थेंब उरला नव्हता. मनात म्हटलं, इथे बाई मरतेय आणि हिला रंगाची पडली आहे.

इस्पितळात पोहोचेपर्यंत तोर्को अधूनमधून शुद्धीवर यायची. डॉक्टर अलिमकुलोवनी विचारलं, काय झालं? ती दोनच शब्द बोलली. पोटातला रंग. डॉक्टरांनी लगेच नळी मागवली आणि तिचं पोट धुतलं.

संध्याकाळी तोर्कोचा भाऊ ताबिल्दी घोडा दामटत तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गेला. त्या घरात रंगाची पेटी कुलपात असते, किल्ली सासूच्या कमरेला असते, आणि त्या म्हातारीनं माझ्या बहिणीला रंग पाजला, अशी त्यानं तक्रार दिली. डॉक्टरांचं म्हणणं वेगळंच होतं. ते म्हणाले, पाजायला कशाला हवंय, बाई स्वतःच प्यायली असणार. डोकं फिरलंय तिचं. गुरुवारी शहराची गाडी येते, त्या गाडीनं तिला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतो.

तो सोमवार होता. म्हणजे गुरुवारपर्यंत एक तर सासू तुरुंगात जाणार होती, नाही तर सून वेड्यांच्या इस्पितळात. तिसरं काही कुणाला सुचत नव्हतं.

२

मंगळवारी इन्स्पेक्टर जिपार आली. उंच, बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, आणि बोलताना दोन भुवयांमध्ये अंगठ्यानं दाबायची सवय. शहरात वाढलेली. आमच्या बायकांनी पहिल्या तासातच शोधून काढलं, की ही कधी कुणाची सून झालेली नाही. त्यावर कुणी हळहळलं, कुणी मनातल्या मनात हेवा केला. तिला फिरवायला माझी जीप दिली गेली. ती जीप चढावर बोकडासारखी ओरडायची आणि उतारावर सासूसारखी. इन्स्पेक्टरबाई पहिल्या चढावर हसली, उतारावर गप्प झाली.

आधी रंगाची पेटी पाहिली. बुरुल-आपानं कमरेची किल्ली काढून पुढे केली. पेटीतल्या पुड्या जशाच्या तशा, तोंडं शिवलेली. त्या दिवशीची पुडी सकाळीच कढईत गेली होती, उपोलच्या देखत, आणि तिचा रिकामा कागद चुलीपाशी पडलेला होता.

"मग ती प्यायली काय?" इन्स्पेक्टरबाईनं विचारलं.

"चहा," बुरुल-आपा म्हणाली. 

त्या म्हातारीकडून शब्द काढणं म्हणजे गोठलेल्या विहिरीतून पाणी काढणं. सून कशी होती, तर कामाला बरी होती. आजारी असायची का, तर बाई आहे ना ती. भांडण होतं का, तर ज्या घरात भांडण नसेल ते घर मला दाखवा. हे सगळं ती मान खाली घालून लोकर पिंजत सांगत होती. मध्येच एकदा हात थांबला, पोटापाशी गेला, आणि पुन्हा कामाला लागला.

उपोलनं चहा मांडला. नान, लोणी, तळलेल्या कणकेचे बोरसोक. इन्स्पेक्टरबाईनं आजूबाजूला पाहिलं आणि कन्त मागितली. म्हणजे साखर हो, आमच्याकडे कन्तच म्हणतात. उपोलनं वाडगा पुढे केला.

"ही घ्या गोडी, एजे." एजे म्हणजे ताई.

दारात कोंबड्या घुसल्या, तर ती शेजारच्या पोरीला म्हणाली, त्या फडफड मोडलेलीला आधी हाकल, तीच सगळ्यांना घेऊन येते. मी पाहिलं, तर एका कोंबडीचा पंख मोडलेला होता. पाहिलं आणि विसरलो. बायकांचं बोलणं, त्यात काय लक्षात ठेवायचं.

मग खोपट. इन्स्पेक्टरबाई वाकून वाकून ओली जमीन हातानं चाचपत होती. कोपऱ्यात एका टोपात इस्पितळातून आणलेला तोर्कोचा घागरा बुडवून ठेवला होता. तिनं बोट बुडवलं, मागे घेतलं. पाणी बर्फासारखं गार. बोट जिभेला लावलं. खारट. ती थोडा वेळ त्या टोपाकडे बघत राहिली, भुवयांमध्ये अंगठा.

उठताना तिनं नमद्याच्या ढिगाला हात टेकला आणि सुई बोटात घुसली. मोठी सुई, नमदे शिवायची. उपोल चुलीकडे धावली आणि चिमूटभर राख घेऊन आली.

"दाबून धरा, एजे. रंग थांबेल आत्ता."

इन्स्पेक्टरबाईनं बोट पाहिलं. ते मुळापासून नखापर्यंत कढईच्या सांडलेल्या रंगानं माखलेलंच होतं. तिनं मान डोलावली.

जाता जाता तिनं उपोलला विचारलं, तुझं आणि जावेचं कसं होतं?

उपोलच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, रात्री ती उशी तोंडात धरून झोपायची, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी पाठ चोळायची. सकाळी उठून सगळ्यांच्या आधी कामाला.

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं ना," उपोल म्हणाली. "दर वेळी सांगितलं. डॉक्टरांना सगळं माहीत आहे."

३

डॉक्टर अलिमकुलोव मनानं वाईट माणूस नव्हता. माझा गुडघा त्यानंच बसवला होता, आणि बसवताना मला तीन वेळा विचारलं होतं, इथे दुखतं का, इथे, बरं इथे. पुरुषाच्या गुडघ्याशी तो फार प्रेमानं बोलायचा.

इन्स्पेक्टरबाईला त्यानं खुर्ची दिली आणि मला उभं ठेवलं. म्हणाला, ही बाई मला चांगली ठाऊक आहे. लग्नानंतर वर्षभरातच यायला लागली. चेहरा पडलेला, हात रंगानं लाल, आणि तोंडात एकच विषय.

"कोणता?"

"रंग. रंग फार जातो. रंग थांबत नाही. एकदा म्हणाली, रंगाच्या गाठी पडतात. मी म्हटलं, बाई, पाणी जास्त घाल, गाठी पडणार नाहीत."

तो स्वतःच्या विनोदावर हसला. मीही हसलो, कारण मी तेव्हा हसण्यासारखंच समजत होतो. इन्स्पेक्टरबाई हसली नाही.

"मग काय उपचार केलेत?"

रंगाचं काम सोडायला सांगितलं. तिनं सोडलं नाही. मग नसा शांत करायचे थेंब दिले. मग आणखी थेंब. मूल झालं की हे सगळं आपोआप बंद होतं, असंही सांगितलं. मूल काही झालं नाही. शेवटी शेवटी ती म्हणायला लागली, की रंग तिच्या आतून येतो. आता इन्स्पेक्टरबाई, तुम्हीच सांगा, ज्या बाईला वाटतं की आपल्या पोटात कढई आहे, तिला कुठे पाठवायचं?

"तपासलंत का तिला? पोट दाबून वगैरे?"

"थंडीत या बायका सात कपडे घालून येतात. आणि सासू शेजारी बसलेली असायची."

"दर वेळी?"

"दर वेळी. भिंतीसारखी. एक शब्द बोलायची नाही." त्यानं इन्स्पेक्टरबाईकडे जरा निरखून पाहिलं. "तुमचं डोकं दुखतंय वाटतं. नसांचं दुखणं आहे. थेंब लिहून देऊ?"

ती म्हणाली, माझं डोकं बारा वर्षांपासून दुखतंय आणि थेंबांच्या बाटल्यांनी माझी खिडकी भरली आहे. मग तिनं विचारलं, पोट धुतलं तेव्हा काय निघालं?

डॉक्टरांना ते पाहायला वेळ झाला नव्हता. नर्सला बोलावलं. नर्स म्हणाली, चहा निघाला आणि नानाचे तुकडे. लाल? छे, लाल काहीच नाही. मग खाटेवरची चादर लाल कशी? नर्स थोडी लाजली. माझ्याकडे बघून आवाज खाली केला. म्हणाली, तिचे महिन्याचे दिवस चालू आहेत, त्यात काय एवढं.

खोलीत तोर्को भिंतीकडे तोंड करून पडली होती. इन्स्पेक्टरबाई तिच्या पायाशी बसली. विचारलं, तुला कुणी काही पाजलं? तोर्कोनं मान हलवून नाही म्हटलं. तू स्वतः काही प्यायलीस? पुन्हा नाही. मग काय झालं, सांग मला.

तोर्कोनं ओठ उघडले. तेवढ्यात दारात बुरुल-आपा आली, हातात शोरब्याचं भांडं. सुनेनं सासूकडे पाहिलं आणि पुन्हा तोच शब्द.

"रंग."

तिच्या गालावरून पाणी वाहत होतं, आणि मला पहिल्यांदा वाटलं, की ही बाई वेडी नाही. ही आपल्याशी अशा भाषेत बोलतेय, जी आपल्याला येत नाही.

४

बुधवारी आम्ही ताबिल्दीच्या गावाला निघालो. खिंडीखाली वाऱ्यानं जीप अशी धरली, की मी ब्रेक दाबूनही आम्ही पुढेच चाललो होतो, आणि एक मेंढी आमच्या शेजारून हवेत गेली. मेंढीचं सोडा हवं तर.

ताबिल्दी तापलेला होता. बहीण हसरी होती, म्हणाला, घोड्यावर माझ्यापुढे असायची. त्या घरानं तिचं काय केलं बघा. मी लग्नानंतर पहिल्यांदा भेटायला गेलो आणि अंगणातून हाक मारली, कनीशाय, तर सगळ्या बायका अशा बघायला लागल्या, जणू मी शिवी दिली. सासूनं मला बाजूला घेऊन सांगितलं, इथे तिला तोर्को म्हणतात.

"थांबा," इन्स्पेक्टरबाई म्हणाली. "तिचं नाव कनीशाय आहे?"

आमच्या आईनं ठेवलेलं, म्हणाला. त्यांनी बदललं. का, ते मला विचारू नका, मी त्या बाईशी तेव्हापासून बोललेलो नाही.

 परत येताना इन्स्पेक्टरबाई भुवयांमध्ये अंगठा रोवून बसली होती. खिंडीच्या पायथ्याशी मी जीप थांबवली, थर्मासमधला चहा ओतला, खिशातून साखरेचे खडे काढले.

"कन्त घ्या, इन्स्पेक्टरबाई. डोक्याला बरं."

तिनं खडा घेतला आणि तोंडाशी नेता नेता हात थांबला.

"काय म्हणालात?"

"कन्त."

"त्या घरात कन्त म्हणत नाहीत," ती हळू म्हणाली. "गोडी म्हणतात. कोंबडीच्या पंखाला फडफड म्हणतात. पंखाला आपला शब्द काय?"

"कनत."

"आणि सुनेचं नाव कनीशाय, ते त्यांनी बदललं. बायके, त्या घरच्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं?"

मी हसलो. अहो, कनीबेक. सगळा तालुका ओळखतो. आणि मग मला कळलं ती कुठे चालली आहे, आणि मी हसायचा थांबलो. आमच्याकडे बायको नवऱ्याचं आणि सून सासऱ्याचं नाव घेत नाही, तो मेला तरी घेत नाही. नावच नाही, नावासारखा वाटणारा शब्दसुद्धा तोंडात येऊ देत नाही. त्या शब्दाला दुसरा शब्द शोधते. माझी स्वतःची बायको माझ्या वडिलांमुळे चाळीस वर्षं पावसाला 'वरचं' म्हणते. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. माझ्या कानांवरून ते तसंच निघून जातं, नदीच्या आवाजासारखं.

"अजून कोणते शब्द आहेत?" तिनं विचारलं. "कनपासून सुरू होणारे?"

मी बोटं मोडत गेलो. कन्त, कनत, कनचा म्हणजे किती. आणि मग साधा, उघडा, दोन अक्षरी शब्द, लहान मुलालाही येणारा.

"कन," मी म्हणालो.

कन म्हणजे रक्त.

तिनं चहा खिडकीतून बाहेर फेकला. उद्या गुरुवार होता, आणि जीप चढावर बोकडासारखी ओरडत होती.

५

सकाळी शहराची गाडी इस्पितळाच्या अंगणात इंजिन चालू ठेवून उभी होती. इन्स्पेक्टरबाईनं ड्रायव्हरची किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि सगळ्यांना तोर्कोच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर, ताबिल्दी, उपोल, बुरुल-आपा. मी दारात, कारण मला कुणी जा म्हटलं नाही.

ती म्हणाली, इथे कुणी कुणाला विष दिलेलं नाही. पेटीतल्या पुड्या शिवलेल्या आहेत. पोटातून चहा आणि नान निघाला, रंगाचा थेंब नाही. ही बाई रंगात पडलेली सापडली, कारण चक्कर येऊन पडताना तिच्याच धक्क्यानं कढई कलंडली. मग तिनं उपोलकडे वळून विचारलं, घागरा गार पाण्यात का भिजवलास? मीठ का घातलंस?

"डाग निघावा म्हणून," उपोल म्हणाली. तिला प्रश्नच कळला नाही.

"नमद्याचा रंग गार पाण्यानं निघतो का?"

"तो कशानंच निघत नाही. पण हा नमद्याचा थोडाच आहे?" उपोल म्हणाली आणि गडबडली. तिनं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. "म्हणजे... तुम्हाला काय वाटलं होतं?"

"माझ्या बोटात सुई गेली तेव्हा तू म्हणालीस, राख लाव, रंग थांबेल. मला वाटलं माझ्या बोटावर सांडलेला रंग. तू माझ्या बोटातून येणाऱ्याबद्दल बोलत होतीस." ती डॉक्टरांकडे वळली. "डॉक्टर, या घरातल्या बायका त्यांच्या सासऱ्याचं नाव घेऊ शकत नाहीत. त्यांचा सासरा कनीबेक. आता त्यांचं बोलणं पुन्हा आठवा. रंग फार जातो. रंग थांबत नाही. रंगाच्या गाठी पडतात. तो माझ्या आतून येतो."

 डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही.

उपोल खाली बसली. म्हणाली, आम्हाला वाटायचं सगळे असंच म्हणतात. ते डॉक्टर आहेत, त्यांना कळणार नाही? मी या घरात आले तेव्हापासून हाच शब्द आहे. आणि आपा तर आत असायच्या ना बरोबर.

सगळ्यांच्या नजरा बुरुल-आपाकडे गेल्या. ताबिल्दी पुढे सरकला, मी त्याचा दंड धरला.

"आपा," इन्स्पेक्टरबाई म्हणाली, "तुम्ही दर वेळी आत होता. डॉक्टर रंग म्हणजे रंग समजतोय, हे तुमच्या डोळ्यांदेखत होत होतं. तुम्ही का गप्प बसलात?"

 म्हातारी बोलली ती डॉक्टरांकडे बघून नाही, खाटेकडे बघून.

"कारण मी एकदा बोलले होते."

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तोर्कोच्या वयाची असताना तिलाही हेच होत होतं. रात्री उशी, दिवसा कढई. एक दिवस सहन झालं नाही तेव्हा ती चालत याच इस्पितळात आली. तेव्हा दुसरा डॉक्टर होता. त्याच्यासमोर तिनं नवऱ्याच्या नावाची मर्यादा मोडली आणि सरळ शब्द उच्चारला, कन. डॉक्टर म्हणाला, सगळ्याच बायकांना येतं, घरी जा. बाहेर बसलेल्या चुलत दिरानं शब्द ऐकला आणि घरी सांगितला. सासूनं महिनाभर तिच्या हातचा चहा घेतला नाही.

"मर्यादा गेली ती गेली, वर उपयोग शून्य," बुरुल-आपा म्हणाली. "मग मी रंग म्हणायला लागले. रंग म्हटलं की कुणाचं काही बिघडत नाही. हिच्याबरोबर यायचे, कारण ही वाटेत पडेल अशी भीती वाटायची. तो समजत नव्हता, मला दिसत होतं. पण समजलं असतं तरी काय म्हणाला असता? मला जे म्हणाले तेच. मग तिची मर्यादा फुकट कशाला घालवू?"

 इन्स्पेक्टरबाईनं सगळा उलगडा नीट बांधून आणला होता: एक शब्द अडला आणि त्यापायी सगळं अडलं. आता म्हातारीनं त्या उलगड्याची शिवणच उसवली. शब्द बरोबर उच्चारला गेला होता एकदा, अगदी स्वच्छ. तरी ऐकला गेला नव्हता.

मग इन्स्पेक्टरबाई डॉक्टरांना म्हणाली, आणि ती पहिल्यांदाच चिडलेली दिसली.

"बायके मला सांगत होते, त्यांचा गुडघा बसवताना तुम्ही तीन वेळा विचारलंत, कुठे दुखतं. हिला एकदा तरी विचारलंत का, बाई, रंग म्हणजे काय?"

डॉक्टर म्हणाले, अशा गोष्टी बायका स्वतःहून सांगतात.

"तिनं सांगितल्या," उपोल जमिनीवरून म्हणाली. "दर वेळी."

६

बाहेर गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. डॉक्टर उभेच होते, आणि मला दिसत होतं की ते अजून तोलत आहेत. पोलिसाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट, एका ऐकीव शब्दावर बांधलेली. रोग्यानं स्वतः काही सांगितलेलं नाही. वेड्यांच्या इस्पितळाचा कागद तयार होता, सही झालेली. इन्स्पेक्टरबाई तोर्कोपाशी गेली आणि म्हणाली, तू स्वतः सांग यांना. तोर्कोनं डोळे मिटले. ओठ हलले, आवाज नाही. तिला ते शिकवलंच नव्हतं. उलट अनेक वर्षं न बोलायला शिकवलं होतं, आणि समोर सासू उभी होती.

बुरुल-आपानं शोरब्याचं भांडं खाली ठेवलं. रुमाल सारखा केला, जणू कुणी पाहुणा यायचा आहे. मग खाटेच्या लाकडाला धरून सरळ उभी राहिली.

"कनीबेक," ती म्हणाली.

उपोलनं तोंडावर हात घेतला.

"माझ्या नवऱ्याचं नाव कनीबेक. साखर म्हणजे कन्त. पंख म्हणजे कनत." ती थांबली नाही. "आणि माझ्या अंगातून वीस वर्षं जे गेलं ते कन. घे, मोडली मी सगळी मर्यादा, आता तुझ्या वाटणीची काही उरली नाही. बोल पोरी. आज ऐकणारी बसली आहे."

तोर्कोनं डोळे उघडले. पहिल्यांदा आवाज आला तो घोगरा, बारीक, आणि दुसऱ्यांदा आला तो अंगणापर्यंत गेला.

"कन. कन जातं माझं, डॉक्टर. थांबत नाही. इथे दुखतं."

तिनं डॉक्टरांचा हात धरला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला. डॉक्टर बिचकले. मग त्यांची बोटं दबली, जशी माझ्या गुडघ्यावर दबली होती. इथे? इथे? तोर्को ओरडली. त्यांनी हात काढला नाही. पुन्हा चाचपलं, हळू, आणि त्यांचा चेहरा पांढरा होत गेला.

"केवढा गोळा आहे," ते स्वतःशीच म्हणाले. "एवढा मोठा. हा कधीपासून..." आणि गप्प झाले, कारण त्याचं उत्तर त्या खोलीत त्यांच्याशिवाय सगळ्यांना माहीत होतं.

त्यांनी सही केलेला कागद फाडला. नवीन घेतला, शहराच्या मोठ्या इस्पितळासाठी, शस्त्रक्रियेच्या विभागाला, तातडीचं म्हणून. पेन टेकवून विचारलं, नाव?

उपोल सवयीनं म्हणाली, तोर्को.

"नाही," खाटेवरून आवाज आला. "कनीशाय."

डॉक्टरांनी बुरुल-आपाकडे पाहिलं.

"तिचंच नाव आहे ते," म्हातारी म्हणाली. "लिहा."

इन्स्पेक्टरबाईनं ड्रायव्हरला किल्ली परत दिली. कनीशायला आम्ही उचलून गाडीत ठेवलं, तिच्या एका बाजूला ताबिल्दी, दुसरीकडे सासू, आणि दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. इन्स्पेक्टरबाई दारात वाकून बुरुल-आपाला म्हणाली, तिथे गेलातच आहात तर तुम्हीही दाखवून घ्या.

"माझा रंग कधीच वाळला, पोरी," म्हातारी म्हणाली. मग स्वतःच चुकलं वाटून हसली. "कन, कन. जीभ वळायला वेळ लागेल."

पुढचं फार गोड नाही. शहरात तिचं पोट फाडलं, काढायचं ते काढलं, आणि सांगितलं, गाडी दुसऱ्या इस्पितळात गेली असती तर ही उरली नसती. दुखणं कमी झालं, गेलं नाही. मूल व्हायचं नाही, हेही सांगितलं. इन्स्पेक्टरबाईची फाईल बंद झाली, कारण दुसऱ्यांदा न विचारणं हा गुन्हा कुठल्याच कलमात बसत नाही. डॉक्टर अलिमकुलोव आजही थेंब देतात, पण म्हणे आधी विचारतात. मी नेमकं सांगू शकत नाही, मला फक्त गुडघे आहेत.

गावात बोलतात, की बुरुल-आपानं नाव घेतलं त्या क्षणी घरातल्या भिंतीवर कनीबेकच्या फोटोची काच तडकली. साफ खोटं. मी स्वतः जाऊन पाहिली. काच शाबूत होती. म्हातारा मात्र जरा हसरा वाटला, पण माझ्या डोळ्यांवर तुम्ही तरी किती भरवसा ठेवणार.

एवढं मात्र कुणालाही विचारा. अजूनही आक-शिलबीत वारा सुटला, की बुरुल-आपा ओट्यावर येते आणि रंगाच्या खोपटाकडे तोंड करून हाक मारते, पूर्ण नावानं, सगळं गाव ऐकेल अशी.

"कनीशाय. दुखतंय का आज? मग ठेव ते, आत ये."